जमा

अहिल्यानगर

प्रिय रूथ,

सप्रेम सलाम. तुझा मेसेज परवाच वाचला. पण फोनवर दोन ओळींत उत्तर देऊन टाकावंसं वाटेना, म्हणून सावकाश लिहितेय. क्वायरचे सर आणि पियानोच्या बाई दोघंही यंदा निवृत्त होतायत, त्यांच्या नावाने विद्यापीठात शिष्यवृत्ती निघतेय, आणि आपल्याच डोक्यावर फीचं कर्ज असताना पन्नास डॉलर द्यावेत का, असं तू विचारलंस. दे, बाळा.

बाईंचं नाव सरांच्या बरोबरीने आहे हे वाचून मला फार बरं वाटलं. साथ करणाऱ्याची आठवण सहसा कुणाला राहत नाही. पहिल्या वर्षी तू घाबरून सुरावरून घसरायला लागलीस की बाई तुझाच स्वर पियानोवर किंचित जास्त दाबायच्या आणि तू जागेवर यायचीस, हे तूच मला सांगितलं होतंस. श्रोत्यांना पत्ताही लागायचा नाही.

पप्पा म्हणाले, अशा निधीत मूळ रक्कम मोडत नाहीत. ती गुंतवतात आणि दरवर्षी साधारण चार-पाच टक्केच मुलांच्या फीसाठी काढतात. म्हणजे २५,००० डॉलर जमले तर वर्षाला हजार-बाराशे. तुमच्याकडच्या फीपुढे ते काहीच नाही, मला कळतं. पण एखाद्या पोराची पुस्तकं, वाद्याची दुरुस्ती, एका सत्राची शिकवणी त्यात निघेल. आणि तेही दरवर्षी, आपण कुणी नसलो तरी.

नाताळच्या आधी तू नॉर्थफील्डला सेंट ओलाफ कॉलेजचा क्वायर ऐकायला गेलीस, त्यानंतर मी त्याच्याबद्दल बरंच वाचलं. मूळचे नॉर्वेचे मेलियस क्रिस्तियान्सन यांनी तो १९१२ साली उभा केला. त्यांच्यानंतर त्यांचा मुलगा ओलाफ, १९६८ मध्ये केनेथ जेनिंग्ज, १९९० मध्ये अँटन आर्मस्ट्राँग. पहिल्या शंभर वर्षांत अवघे चार संचालक! त्यातले शेवटचे दोघे त्याच कॉलेजात शिकलेले. शिकून गेलेलं पोर परत तिथेच शिकवायला उभं राहतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता तुला कधी न सांगितलेली गोष्ट सांगते. आपल्या चर्चमध्ये माझ्या लहानपणी पेटी वाजवणारे मास्तर होते. पेटीच्या भात्याला त्यांनी जुन्या छत्रीचं कापड चिकटवलेलं असायचं. ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतपुस्तकातली रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं त्यांनीच आम्हाला शिकवली. “काळी पाचला आवाज फाटतोय तुझा, काळी चार घे,” असं म्हणून ते माझ्यासाठी सगळ्या मुलींचा सूर उतरवायचे. मी गाण्याच्या प्रवेशिका परीक्षेला बसले तेव्हा घरी फीचे पैसे नव्हते. मी मास्तरांना तसं सांगितलं, ते फक्त “बरं” म्हणाले आणि मला परीक्षेला बसवलं. ते वारल्यावर त्यांची वही मी पाहिली. फी दिलेल्या मुलांची यादी होती, माझ्या नावापुढे त्यांच्या बारीक अक्षरात ‘जमा’. मी एक पैसाही दिला नव्हता. चर्चमध्ये कुणी मला विचारू नये म्हणून त्यांनी तसं लिहिलं होतं. त्या यादीत तशी आणखी किती जणं होती, देव जाणे.

ती परीक्षा गांधर्व महाविद्यालय मंडळाची. विष्णु दिगंबर पलुस्कर १९३१ साली गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी हे मंडळ काढलं. म्हणजे शिष्यांनी गुरूच्या आठवणीत चालवलेली परीक्षा, आणि तिची फी मास्तरांनी माझ्यासाठी भरलेली. मास्तरांच्या नावाने मात्र आम्ही काहीच केलं नाही. एकदा चर्चमध्ये विषय निघाला, सगळ्यांनी मान डोलावली आणि तो तिथेच राहिला. मीही पाठपुरावा केला नाही. याची रुखरुख मला अजून आहे.

म्हणून तू पैसे तर भरच, पण बाईंना हाताने पत्रही लिही. ‘तुम्ही फार चांगल्या शिकवता’ असलं काही नको. तो दाबलेला स्वर तुला ऐकू येत होता, एवढंच लिही.

मास्तरांची पेटी चर्चच्या कोठीत धूळ खात पडली होती. पप्पांनी भाता बदलून आणलाय. काळी चारचा स्वर अजून थोडा घोगरा येतो. जूनमध्ये आलीस की बघ.

तुझी,
आई