कर्नल साहेब, आईची पेन्शन सुरू झाली

आदरणीय कर्नल साहेब,

सादर नमस्कार.

आईची फॅमिली पेन्शन थकबाकीसह खात्यात जमा झाली, हे फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "छान. आता नोव्हेंबरात हयातीचा दाखला विसरू नका." आभार मानायला जागाच ठेवली नाहीत. म्हणून हे पत्र. मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय, कारण ठाण्यात आमच्यासारखी माजी सैनिकांची घरं पुष्कळ आहेत आणि तुमच्यासारखा अधिकारी काय करतो ते त्यांनाही कळलं पाहिजे.

आबा गेले आणि पेन्शन थांबली. पलटणीच्या कागदांत आईचं माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं. "ही बाई तीच कशावरून?" असं एका कार्यालयात आईच्या तोंडावर विचारलं गेलं. जिने आबांच्या बदल्यांमागून गावाकडचं घर, शेत आणि आम्हा भावंडांना एकटीने सांभाळलं, तिला. त्या दिवशी ती जेवली नाही.

आबांच्या तेराव्याला तुम्ही आला होतात. फोटोसमोर पॅराट्रूपर्सची मरून रंगाची बेरे टोपी घालून सॅल्यूट केलात आणि जाताना आईला म्हणालात, "वहिनी, कागद काही अडला तर मला कळवायचं." असं बरेच जण म्हणतात. तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी सावरकरनगरच्या आमच्या चौथ्या मजल्यावर जिना चढून हजर. डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, मृत्यूचा दाखला, जुनी लग्नपत्रिका, सगळं जमिनीवर मांडून क्रमाने लावलंत. दोन्ही नावं एकाच बाईची असल्याच्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा स्वतःच्या हाताने लिहिलात. बंगळुरूच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र, मग 'स्पर्श' या लष्करी पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवरचा अर्ज. गुडघ्याला पट्टा बांधून आईसोबत रांगेत उभे राहिलात आणि कुणी खुर्ची दिली की आधी तिला बसवलंत.

तुम्ही इतकं का करताय, असं मी विचारलं तेव्हा म्हणालात, "तुझ्या वडिलांनी मला पॅराट्रूपर केलं."

हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आबा घरात फौजेचं फार बोलत नसत. निवृत्तीनंतर वागळे इस्टेटच्या कंपनीत सिक्युरिटीला होते, शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही तेवढंच माहीत. तुमच्याकडून कळलं, की देहरादूनहून नवेकोरे सेकंड लेफ्टनंट होऊन तुम्ही २ पॅरा या विमानातून छत्रीने उतरणाऱ्या पलटणीत आलात तेव्हा आबा तिथे हवालदार होते. ही पलटण मूळची ३ मराठा. १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिची २ पॅरा झाली. ती मरून टोपी अधिकारी म्हणून आपोआप मिळत नाही, प्रोबेशन म्हणजे सुरुवातीचा खडतर परीक्षेचा काळ अधिकाऱ्यालाही जवानांच्या बरोबरीनेच काढावं लागतं, हे तुम्ही किती अभिमानाने सांगत होतात! रात्रीच्या मार्चमध्ये तुमच्या टाचा सोलल्या, तर आबांनी काही न बोलता पुढ्यात कोरडे मोजे टाकले. आम्हाला हे सांगताना तुमचा आवाज जड झाला होता.

मग आग्रा. पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूल, मालपुऱ्याचं मैदान आणि विंग्ज, म्हणजे छातीवरचा पंखांचा बिल्ला, मिळवायला पाच उड्या, त्यांतली एक रात्रीची. आमच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून तुम्ही माझ्या मुलाला उतरायचं कसं ते दाखवलंत. पाय जुळलेले, गुडघे जुळलेले आणि किंचित वाकलेले, हनुवटी छातीला. जमीन लागली की आधी पावलं, मग पोटरी, मांडी, कूस, असा धक्का अंगभर वाटून द्यायचा. पाय फाकले की मोडलेच. पॅराशूटचा स्टॅटिक लाइन विमानातल्या तारेला अडकवायचा, लाल दिवा, हिरवा दिवा आणि दाराबाहेर. छत्री उघडेपर्यंतची मोजणी आता माझा मुलगा आंघोळीला जातानाही म्हणतो.

बांगलादेश युद्धातल्या टांगाईलच्या उडीचंही तुमच्याकडूनच कळलं. तेव्हा तुम्ही पलटणीत नव्हतात, पण ते ऐकतच वाढलात. ११ डिसेंबर १९७१ ची संध्याकाळ. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या हाताखाली २ पॅराचे सुमारे ७०० जण टांगाईलजवळ उतरले. लोहाजंग नदीवरचा पुंगलीचा पूल घ्यायचा, म्हणजे उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट तुटणार. पूल त्याच रात्री हातात आला. दुसऱ्या दिवशी जमालपूरच्या बाजूने १ मराठा ही पलटण येऊन मिळाली, आणि १६ डिसेंबरला २ पॅरा ढाक्यात शिरली. त्या ७०० जणांत आमचे आबा होते. आईला इतकंच माहीत होतं, की त्या हिवाळ्यात बरेच दिवस पत्र आलं नव्हतं.

स्वतःबद्दल मात्र तुम्ही हात आखडता घेतलात. ३ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री आग्र्याहून आयएल-७६ विमानं तिथलं बंड मोडायला मालदीवला गेली, त्यांत तुम्ही होतात हे काकूंनी सांगितलं. काळोखात हुलहुलेच्या धावपट्टीवर उतरेपर्यंत खाली विमानतळ कुणाच्या ताब्यात असेल याची खात्री नव्हती, एवढंच तुम्ही पुढे जोडलंत आणि परत आईच्या फाइलकडे वळलात. मला वाटतं, तुमच्या सगळ्या नोकरीचं मर्म त्या वळण्यात आहे. दारातून पहिली उडी अधिकाऱ्याची, आणि रात्री जवान जेवल्यावर शेवटचं ताट अधिकाऱ्याचं, ही सवय तुम्ही वर्दीबरोबर उतरवून ठेवली नाहीत.

तुम्ही बजावलं होतंत, की काही लिहिणार असशील तर कामाचं लिही. तर वाचणाऱ्यांनो, घरात माजी सैनिक असेल तर त्यांच्या हयातीतच डिस्चार्ज बुक आणि पीपीओ काढून पाहा. बायकोचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का ते तपासा. जुळत नसेल तर दुरुस्तीचा अर्ज त्यांच्याच सहीने जाऊ दे. मागे राहिलेल्या बाईची पायपीट वाचेल.

आणि साहेब, यंदा ११ डिसेंबरला तुम्ही आणि काकू दुपारी आमच्याकडे जेवायला या. आई आबांच्या आवडीचं मटण करणार आहे. जिना चढवायला माझा मुलगा खाली येईल.

आपली नम्र,
तुमच्या हवालदाराची मुलगी
सावरकरनगर, ठाणे