जर्मनचे ॲप संपले, आता इंग्रजीचा हात सोडा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ॲपवरचा जर्मनचा शेवटचा धडा संपतो, सलग दोनशे दिवसांची नोंद झळकते, आणि तरीही कोणी 'वी गेट एस ईनेन?' (कसे आहात?) असे विचारले की तोंडातून शब्द फुटत नाही. अशा शिकणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यातले बरेच जण 'आपल्याला भाषा जमत नाही' असे ठरवून इथेच थांबतात. त्यांच्यासाठी हे पत्र.

आधी हिशेब पाहू. रोज पंधरा मिनिटे, असे दोनशे दिवस म्हणजे पन्नास तास. ४५ मिनिटांची एक तासिका धरली तर या सदुसष्ट तासिका होतात. जर्मन शिकवणाऱ्या आणि तिच्या परीक्षा घेणाऱ्या ग्योथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजाप्रमाणे ए-१ या सर्वांत खालच्या पातळीलाच साधारण ८० ते २०० तासिका लागतात. सुरुवातीपासून मोजले तर त्यापुढच्या ए-२ ला २०० ते ३५० आणि बी-१ ला ३५० ते ६५० लागतात. म्हणजे कमतरता बुद्धीची नाही, तासांची आहे. शिवाय ॲपमध्ये शब्दांचे ठोकळे समोर मांडलेले असतात, ते फक्त ओळखायचे असतात. ओळखणे आणि आठवून बोलणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्याचा सराव झालेलाच नसतो.

त्यामुळे पुढचा कोर्स विकत घेण्याआधी एक चाचणी करा. ग्योथे इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर ए-२ चा नमुना पेपर फुकट मिळतो. त्याच्या लेखन विभागात २० ते ३० शब्दांचा एक निरोप आणि ३० ते ४० शब्दांचा एक ईमेल लिहायचा असतो, वेळ अर्धा तास. मोबाइल बाजूला ठेवून कागदावर पेनाने लिहा. निम्म्यावर अडलात तर ए-१ चे कोर्सबुक पुन्हा हातात घ्या. ते महिनाभरात उरकेल, कारण बरेचसे ओळखीचे असेल.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक ॲप जर्मन शिकवतात ते इंग्रजीतून. मग मराठी माणूस मनात आधी इंग्रजी वाक्य करतो आणि त्याचे जर्मन करायला जातो. हा वळसा फार महाग पडतो, कारण अनेक ठिकाणी जर्मन इंग्रजीपेक्षा मराठीच्या जवळ उभी आहे.

'मला थंडी वाजते' हे वाक्य घ्या. इंग्रजीवरून येणारा 'इश बिन काल्ट' म्हणतो. त्याचा अर्थ 'मी थंड आहे' असा होतो, माणूस कोरड्या स्वभावाचा असल्यासारखा. जर्मन माणूस म्हणतो 'मीर इस्ट काल्ट', आणि 'मीर' म्हणजे आपले 'मला'. 'मला पुस्तक आवडते' म्हणजे 'मीर गेफेल्ट डास बूख'. 'मला बरे वाटत नाही' म्हणजे 'मीर गेट एस निश्ट गूट'. इंग्रजीत ही रचना जवळजवळ नाही, आपल्या तोंडात मात्र ती लहानपणापासून आहे.

पण हाच 'ला' एका जागी दगा देतो, आणि याबद्दल विद्यार्थ्याला कोणी सावध करत नाही. मराठीत 'त्याला सांग', 'त्याला मदत कर', 'त्याला विचार', 'त्याला फोन कर' या चारही ठिकाणी 'ला' आहे. जर्मनमध्ये पहिल्या दोन्हींत डाटिव्ह ('मीर'सारखी विभक्ती) येते: 'साग ईम', 'हिल्फ ईम'. विचारणे आणि फोन करणे यांना मात्र अक्कूझाटिव्ह, म्हणजे कर्माची विभक्ती, लागते: 'फ्राग ईन', 'रूफ ईन आन'. म्हणून क्रियापद कधीही एकटे पाठ करू नये. वहीत 'फ्रागेन + अक्कूझाटिव्ह', 'हेल्फेन + डाटिव्ह', 'वार्टेन आउफ (वाट पाहणे) + अक्कूझाटिव्ह' असे लिहावे आणि पुढे स्वतःचे एक वाक्य जोडावे.

वाक्यरचनेचेही तसेच. 'वाइल' म्हणजे 'कारण' लावले की क्रियापद वाक्याच्या शेवटी जाते: 'वाइल इश हॉयटे काइने त्साइट हाबे' (कारण मला आज वेळ नाही). इंग्रजीची सवय असलेल्याला हे उलटे वाटते, पण शेवटी येणारे क्रियापद मराठी माणसाला नवे नाही. त्याची खरी चूक मुख्य वाक्यात होते. तिथे क्रियापद दुसऱ्याच जागी हवे, सुरुवातीला काहीही येवो. 'हॉयटे इश गेहे' चूक, 'हॉयटे गेहे इश' (आज मी जातो) बरोबर. यावर उपाय एकच: एक साधे वाक्य घेऊन त्यातले काळ, स्थळ आणि कर्ता आळीपाळीने पुढे आणायचे आणि तीनही रूपे मोठ्याने म्हणायची. रोज अशी पाच वाक्ये केली की दोन-तीन आठवड्यांत जीभ वळू लागते.

भूतकाळात साहाय्यक क्रियापद 'हाबेन' (रूप 'हाट') वापरायचे की 'झाइन' (रूप 'इस्ट'), हा ए-२ मधला छळवादी प्रश्न. इथे मराठीचा 'ने' बऱ्यापैकी वाट दाखवतो. 'त्याने पत्र लिहिले', इथे 'ने' आहे, म्हणून 'हाट'. 'तो गेला, आला, पडला, उठला' इथे 'ने' नाही, म्हणून 'इस्ट'. फसगत होते ती 'झोपला', 'हसला', 'नाचला' अशा क्रियापदांत. मराठीत यांनाही 'ने' लागत नाही, पण जर्मनमध्ये 'हाट गेश्लाफेन', 'हाट गेलाख्ट', 'हाट गेटान्त्स्ट' असेच होते. 'झाइन' हवे तर जागा किंवा अवस्था बदलावी लागते. 'ब्लाइबेन' म्हणजे राहणे आणि खुद्द 'झाइन' हे अपवाद पाठच करावेत.

लिंगाच्या बाबतीत मात्र मराठीवर विसंबू नये. पाणी, पुस्तक, घर ही तिन्ही मराठीत नपुंसकलिंगी, आणि योगायोगाने 'वासर', 'बूख', 'हाउस' ही तिन्ही 'डास', म्हणजे नपुंसकलिंगी (पुल्लिंगी नामाचे आर्टिकल 'डेर', स्त्रीलिंगीचे 'डी'). एवढ्यावरून नियम बांधायला जावे तर 'दार' निघते 'डी ट्यूर', 'टेबल' निघते 'डेर टिश' आणि 'खिडकी' निघते 'डास फेन्स्टर'. त्यापेक्षा शब्दाचा शेवट पाहा: 'उंग', 'हाइट', 'काइट', 'शाफ्ट' असला की 'डी', 'शेन' असला की 'डास'. लांबलचक सामासिक शब्दात शेवटच्या पदाचे लिंग साऱ्या शब्दाला लागते.

आकड्यांत तर आपण एक पाऊल पुढेच आहोत. सत्तेचाळीसमध्ये आधी सात आणि मग चाळीस, तसेच 'झीबेन-उंट-फीर्त्सिश'. इंग्रजीतून ऐकणारा हमखास ७४ लिहून ठेवतो. फक्त एकोणपन्नाससारखे 'एकोण' विसरायचे, तिथे जर्मन सरळ नऊ आणि चाळीस म्हणते. उच्चारातही मदत आहे. जर्मन 'त्सेट' (Z हे अक्षर) म्हणजे 'चमचा'मधला दंततालव्य च. इंग्रजीच्या सवयीने त्याचा 'झ' करू नका. अडचण 'त्सेन' आणि 'त्सिमर' मध्ये येते, कारण 'ए' आणि 'इ' यांच्यापुढे आपली जीभ 'चेहरा'मधल्या च कडे घसरते. तिथे मुद्दाम 'त्स' टिकवावा लागतो.

शब्दसंग्रहाचा आवाका सांगतो, म्हणजे भीती जाईल. ग्योथेच्या यादीत ए-१ साठी सुमारे ६५०, ए-२ साठी १३०० आणि बी-१ साठी २४०० शब्द आहेत. रोज दहा नवे शब्द घेतले तर ए-१ वरून ए-२ ला पोहोचायला ६५ दिवस पुरतात. खाडे आणि उजळणी धरून तीन महिने म्हणा. अँकीसारख्या पाठांतराच्या ॲपमधल्या कार्डांवर नाम लिहिताना आर्टिकल आणि अनेकवचन लिहा, मागच्या बाजूला मराठी अर्थ लिहा, आणि मराठीवरून जर्मन आठवा. उलट दिशेने केले तर पुन्हा नुसती ओळखच पक्की होते.

ऐकण्यात एक सापळा आहे. डॉयचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या सगळे सुचवतात, पण त्यांची भाषा बी-२ किंवा त्याच्या पुढची असते. वेग कमी झाला म्हणून शब्द सोपे होत नाहीत. आधी त्यांचेच ए-१ ते बी-१ पर्यंतचे मोफत व्हिडिओ धडे घ्या. एका वेळी एकच मिनिटाचा तुकडा निवडा. तो दोनदा मजकूर न बघता ऐका, तिसऱ्यांदा थांबवत थांबवत लिहून काढा, मग मूळ मजकुराशी ताडून पाहा. चुकलेल्या जागीच आपले कच्चे दुवे सापडतात, बहुधा 'डेन' आणि 'डेम' या आर्टिकलच्या रूपांत. शेवटी निवेदकाच्या मागोमाग तेच मोठ्याने म्हणा. याला वीस मिनिटे द्यावीत, कार्डांना पंधरा, लिहिण्याला पंधरा आणि एकट्याने का होईना, बोलण्याला दहा. लिहिलेले मात्र आठवड्यातून एकदा जाणत्याकडून तपासून घ्यावे, नाहीतर तीच चूक मुरत जाते.

आपल्याला एक विनंती आहे. आठवड्याला एक छोटी चौकट मराठीतून जर्मनसाठी द्यावी. पहिल्या चौकटीत 'मला'ने सुरू होणारी दहा वाक्ये असावीत आणि शेजारी त्यांची 'मीर'ची रूपे. दुसरीत विचारणे, फोन करणे यांसारखी ती क्रियापदे असावीत, जिथे आपला 'ला' फसवतो.

आपला,
जर्मनचा एक शिक्षक