माझे हात वर होते

पुणे, १२ नोव्हेंबर

प्रिय मंजे,

दसऱ्यापासून तुझे दोन फोन येऊन गेले आणि मी एकदाही उलट फोन केला नाही. रागावली असशील. रागाव, पण हे पत्र शेवटपर्यंत वाच. जे झालंय ते घरात सांगायला गेले तर सगळे म्हणतील, ‘एवढंच ना?’ तू तसं म्हणणार नाहीस, कारण त्या दिवशी तू विहिरीच्या काठावर उभी होतीस.

आम्ही सगळे बरे. सासूबाईंची शुगर आटोक्यात आहे, धाकट्याचा खोकला गेला, माझी पाठ जशी होती तशीच.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन इमॅजिकाला गेलो. खोपोलीपासून पालीच्या रस्त्यावर आहे ते. २०१३ साली सुरू झालं तेव्हापासून बघायचं मनात होतं, पण आधी पाळणा हलला नव्हता आणि मग पाळण्यातून उठायला फुरसत नव्हती. पाली ऐकल्याबरोबर सासूबाईंनी बल्लाळेश्वर ठरवला, आणि वाटेवर महडचा वरदविनायक आहे म्हटल्यावर तोही. म्हणजे दोन गणपती आणि मध्ये एक अख्खा दिवस पाळण्यांचा. एक्सप्रेसवेला घाटात धाकट्याने माझ्या नव्या ओढणीवर सगळं दूध काढलं. तू असतीस तर हसून लोळली असतीस. ती ओढणी तूच ‘पांढरी घेऊ नकोस’ म्हणून सांगितलेली.

आता चिमीचं सांगते. सात पूर्ण झाली. गेलं वर्षभर तिच्या डोक्यात फक्त राजासौरस. तुला माहीत असायचं कारण नाही, मलाही नव्हतं. आपल्याकडचा डायनोसोर आहे तो. गुजरातेत रहिओली गावाजवळ त्याची हाडं सापडली, २००३ मध्ये त्याला नाव मिळालं, राजासौरस नर्मदेन्सिस. म्हणजे नर्मदेचा. त्याच्या डोक्यावर हाडाचा उंचवटा होता, चिमी त्याला मुकुट म्हणते. तिच्या खोलीत भिंतीवर अकरा चित्रं होती त्याची. एका चित्रात तो नर्मदेवर पाणी पितोय आणि बाजूला बसलेली आजी त्याला भाकरी देतेय. आणि इमॅजिकात त्याच्याच नावाची राईड आहे, राजासौरस रिव्हर अ‍ॅडव्हेंचर. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता.

सकाळी आत शिरल्याबरोबर तिकडेच गेलो, ऊन तापायच्या आत. उंचीच्या पट्टीला चिमी जेमतेम टेकली. ती खूश, मी तिच्याहून खूश. नवरा धाकट्याला घेऊन टबीकडे गेला. हत्तीत बसून गोल गोल वर जायचं असतं तिथे, चार वर्षांच्या पोराला त्याहून जास्त काही लागत नाही. (सासूबाई नंतर मॅजिक कॅरोसेलच्या घोड्यावर बसल्या, पदर खोचून, लगाम दोन्ही हातांत धरून. उतरल्यावर म्हणाल्या, ‘घोडा चांगला होता, दचकला नाही.’ हे तुझ्या आईला नक्की सांग.)

आम्ही दोघी रांगेत. आतून गुरगुरण्याचा आवाज येत होता. आमच्या पुढे चार-पाच माणसं उरली तेव्हा चिमी म्हणाली, ‘आई, मला नाही बसायचं. मला तो बाहेरून बघायचाय.’ मी म्हटलं, बाहेरून तो दिसत नाही. ‘मग राहू दे.’ सांगितलं हे अगदी शांतपणे, रडणं-बिडणं काही नाही.

आणि मंजे, माझ्यात ते आलं. तुला ठाऊक आहे काय आलं ते. घशात एक हट्ट चढतो, समोरच्याची भीती मोडून काढलीच पाहिजे असं वाटायला लागतं, आणि आपण त्याच्या भल्यासाठीच करतोय याची शंभर टक्के खात्री असते. मी म्हटलं, ‘अगं वेडे, तो खरा थोडाच आहे! रबराचा आहे, आत मोटर आहे. बटण दाबलं की तोंड उघडतो.’ ती माझ्याकडे बघत राहिली. मी हाताला धरून तिला होडीत बसवलं.

होडी अंधारात शिरते, वर चढते, दोन्ही अंगांनी ते प्राणी डोकी काढतात, आणि शेवटी सगळी होडी उतारावरून पाण्यात कोसळते. चिमीने एकदाही आवाज केला नाही. मला वाटलं, रमली. बाहेर पडताना पडद्यावर प्रत्येकाचा फोटो लावतात, उतारावर काढलेला. त्यात माझे दोन्ही हात वर आहेत, तोंड उघडं, मी इतकी हसतेय की माझी दाढ दिसते. आणि चिमी डोळे गच्च मिटून माझ्या दंडाला दोन्ही हातांनी लटकली आहे. माझा एकही हात तिच्याभोवती नाही.

मंजे, बाबा असेच हसत होते की नाही, सांग. तू काठावर होतीस, मी पाण्यात होते. पाठीला डबा बांधला होता आणि त्याचा सुंभ सुटला होता, हे बाबांना दिसलं नाही. मला काठावरचं त्यांचं हसणं तेवढं आठवतं, वरून खाली बघत, कमरेवर हात. तू ओरडलीस म्हणून तात्याने उडी मारली. बाबा शेवटपर्यंत सांगत राहिले, ‘आमच्या पोरीची भीती आम्ही एका दिवसात घालवली.’ मी पोहायला शिकले हे खरं. पण अजूनही न्हाणीघरात डोक्यावर एकदम तांब्या ओतला तर माझा श्वास अडकतो. हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. मी ठरवलं होतं, माझ्या पोरांना असं कधी नाही. लग्नाआधी तुझ्या गच्चीवर बसून ठरवलं होतं, तूच साक्षीला होतीस.

दिवसभर चिमी वाईट वागली नाही, उलट फार शहाण्यासारखी वागली. त्यानेच माझ्या पोटात गोळा आला. दुपारी आय फॉर इंडियात बसलो. त्यात पाय अधांतरी लोंबतात, समोर मोठा पडदा, आणि आपण देशावरून उडत जातो. तिथे ती खळखळून हसली, पण हात बापाचा धरला होता. मी दुसऱ्या बाजूला होते. माझा हात तिच्या खुर्चीच्या दांड्यावर, अगदी जवळ. तिने बघितलाही नाही. संध्याकाळच्या परेडपर्यंत धाकटा माझ्या खांद्यावर झोपून गेला, आणि ढोल-दिव्यांच्या त्या गर्दीत ती बापाच्या खांद्यावरून बघत होती.

दुसऱ्या दिवशी पालीला रांगेत सासूबाई तिला म्हणाल्या, ‘बाप्पाकडे काय मागितलंस?’ ‘काही नाही,’ म्हणाली.

घरी आल्यावर तिने भिंतीवरची चित्रं काढली. फाडली नाहीत. एकेक टेप नखाने सोडवून, नीट गठ्ठा करून, कपाटावर ठेवला. मी विचारलं का गं. म्हणाली, ‘तो खोटा आहे ना.’ मी सांगितलं, अगं तो खरा होता, राईडमधला खोटा. कोट्यवधी वर्षांपूर्वी खरंच होता, हाडं मिळालीत. रहिओलीचा नकाशा काढून दाखवला. तिने ऐकून घेतलं, मान हलवली, आणि भावाबरोबर भातुकली खेळायला गेली. आता झोपताना दिवा चालू ठेवायला लावते. अंधार पहिल्यापासून तिचा आवडता होता, मंजे. पांघरुणात टॉर्च घेऊन गुहा करायची.

नवरा म्हणतो, मुलं विसरतात. फोटो त्यानेच विकत घेतला, मला मुळी नको होता. माझ्या साड्यांच्या खाली आहे. रोज रात्री काढून बघते.

आता १९९९ कडे येते. सहलीवरून सव्वीस वर्षांत आपण एकदाही नीट बोललो नाही. गोराईची फेरीबोट, एस्सेलवर्ल्ड, तो झिपर डिपर. तू ‘नको’ म्हणालीस आणि मी तुझी वेणी धरून ओढलं, सगळ्या वर्गासमोर. उतरल्यावर तू ओकलीस आणि मी हसले. संक्रांतीला तू अख्ख्या वर्गाला तिळगूळ दिलास, बाईंना दिलास, शिपाईकाकांना दिलास, माझ्या बाकापाशी आलीस आणि डबा बंद केलास. मार्चमध्ये गणिताच्या पेपरला माझी शाई संपली तेव्हा तू पेन पुढे केलंस, तोंडाने मात्र काही बोलली नाहीस. (ते पेन मी परत केलंय, तू काहीही म्हण.) एस्सेलवर्ल्ड २०२२ पासून बंद आहे असं वाचलं तेव्हा मला आधी तुझी वेणी आठवली, आणि मी ती बातमी तुला पाठवली नाही.

तर मला एवढंच कळव. डिसेंबर ते मार्च तुझ्या मनात नक्की काय चाललं होतं? भीती होती, की राग, की मी आता तुझी कुणी नाही असं काही? आणि पेन पुढे करताना काय बदललं? मी काही केलं होतं का तेव्हा, की आपोआप झालं? मला हे चिमीसाठी हवंय. ती सात वर्षांची आहे, तिला विचारलं तर ‘काही नाही’ म्हणते. तू बारा वर्षांची होतीस, तुला आठवत असेल.

तुझी रत्नागिरीला बदली झाली ते तात्याकडून कळलं. बँकेचं क्वार्टर मिळालं का? काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल तर त्यांना जिने चढू देऊ नकोस. तुझ्या लेकाचं दहावीचं वर्ष आहे, त्याला माझ्याकडून काही सांगू नकोस, सगळे सांगतच असतील.

फोन करू नकोस, पत्रच पाठव. फोनवर मी रडेन आणि चिमी दाराआडून ऐकेल.

तुझीच,
सुमी

ता. क. हे लिहून झाल्यावर आत जाऊन आले. दिवा चालू आहे, झोपली आहे. गठ्ठा अजून कपाटावरच आहे, पण नर्मदेवर पाणी पिणारं ते आजीचं चित्र त्यात नाही. मी शोधलं नाही.