पाणथळीची सहल भरती पाहून ठरवावी

मा. संपादक,

स.न.वि.वि.

पक्ष्यांचा हंगाम सुरू झाला की किनाऱ्यावरच्या पाणथळ जागी नेणाऱ्या सहलींच्या सूचना आपल्या दैनिकात येऊ लागतात. त्यांत जमण्याची जागा, वार, शुल्क, सोबत आणायच्या वस्तू असे सगळे असते. भरती किती वाजता आहे, एवढेच नसते. अशा जागी बरीच वर्षे नेमाने जात असल्यामुळे मला ही उणीव किरकोळ वाटत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

पहाटे गेले की पक्षी दिसतात, हा हिशेब जंगलातला. चिखलात चरणाऱ्या तुतारी, चिखल्या, पाणटिवळा या पक्ष्यांचा दिवस सूर्यावर कमी आणि पाण्यावर अधिक चालतो. ओहोटीने चिखल उघडा पडला की, मग मध्यरात्र का असेना, ते चरू लागतात आणि भरतीने तो झाकला की थांबतात. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटे जातात, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. या रविवारी सकाळी जिथे भरती मिळाली, तिथे पुढच्या रविवारी त्याच वेळेस जवळजवळ ओहोटी असते. सहलीची वेळ मात्र दर रविवारी तीच!

ऐन ओहोटीला पोचलेल्यांना दूर पाण्याच्या कडेला हलणारे ठिपके दिसतात आणि मग त्या ठिपक्यांच्या दिशेने चिखल तुडवण्याचा मोह होतो. त्यापेक्षा भरती पूर्ण होण्याआधी दोन-तीन तास काठावर जाऊन स्वस्थ बसावे. पाणी चढत येते तसतसे पक्षी त्याच्या पुढेपुढे चरत आपल्याकडेच येतात. ते येईपर्यंत पायाजवळच्या चिखलाकडे पाहावे: एक नांगी जवळजवळ अंगाएवढी असलेला खेकडा बिळाच्या तोंडाशी उभा राहून ती वरखाली हलवत असतो, तिवराच्या श्वासमुळांमधून निवटी सरपटत येते, थांबते आणि ओले करून घेण्यासाठी डोळे क्षणभर आत ओढते. मासा असून ती ओल्या कातडीतून हवेतला प्राणवायू घेते, हे मुलांना दाखवायला याहून सोपी जागा नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराच्या उधाणात पाणी अगदी काठाशी येते, तर अष्टमीच्या सुमाराच्या भांगात, म्हणजे कमी चढणाऱ्या भरतीत, बराच चिखल उघडा राहतो आणि पक्षीही लांबच राहतात. तेव्हा नुसती वेळ पाहून भागत नाही, तिथीही पाहावी लागते.

चिखल पुरता बुडाल्यानंतरचा काळ पक्ष्यांच्या विश्रांतीचा असतो. मागच्या हंगामात मी एका बांधाजवळ बसलो होतो. बांधावर काहीशे पक्षी वाऱ्याकडे तोंड करून, एका पायावर, चोची पाठीच्या पिसांत खुपसून उभे होते. तेवढ्यात एक गट आला आणि गटप्रमुखांनी टाळ्या वाजवल्या, कारण सर्वांना उडत्या थव्याचे छायाचित्र हवे होते. थवा उठला, दोन घिरट्या घालून परत टेकला, पुन्हा टाळ्या. चौथ्या खेपेस तो परत आला नाही. छायाचित्रे सुरेख आली असावीत.

हे उडणे फुकटचे नसते. २०२२ मध्ये ट्रान्समीटर लावलेल्या, जेमतेम पाच महिन्यांच्या एका पाणटिवळ्याने अलास्कापासून टास्मानियापर्यंतचे सुमारे १३,५६० किलोमीटर अंतर वाटेत कुठेही न उतरता ११ दिवसांत कापले. अशा प्रवासाला निघताना या जातीच्या पक्ष्याच्या वजनात जवळपास निम्मी चरबी असते, आणि ती चिखलातल्या किड्यांवर, शिंपल्यांवर, भरती-ओहोटीने मोजून दिलेल्या तासांत जमवायची असते. टाळी, ड्रोन किंवा मोकळे सोडलेले कुत्रे यांमुळे जी चरबी जळते, ती भरून काढायला पुढची ओहोटी पुरेलच असे नाही.

म्हणून दोन विनंत्या आहेत. सहल आयोजकांनी विश्रांतीच्या जागांपासून गट दूर ठेवावा. किती दूर, हे पक्षीच सांगतात. विश्रांती किंवा चरणे थांबवून त्यांनी माना वर केल्या की आपण फार जवळ आलो, असे समजून मागे सरावे. आणि संपादक महोदय, आपण अशी सूचना छापताना तिच्याखाली त्या दिवशीची भरती-ओहोटीची वेळ जरूर द्यावी. पाणथळ जागांच्या रक्षणासाठीच्या १९७१ च्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराने पाणथळ जागेची व्याख्या करताना समुद्राची खोली ओहोटीच्याच वेळी मोजली आहे (ती सहा मीटरपर्यंत चालते), मग सहलीच्या सूचनेत ओहोटीला एक ओळ मिळायला हरकत नसावी. त्या ओळीचा माणसांनाही उपयोग आहे: चढत्या पाण्यात मागची वाट आधी बुडते, हे नवख्या माणसाला पाणी घोट्यापर्यंत आल्यावरच कळते.

आपला,
एक वाचक