गच्चीचे कुलूप काढा

प्रति,
मा. अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य,
आपली गृहनिर्माण संस्था

विषय : सर्वसाधारण सभेपुढे येणारा 'संपूर्ण सुरक्षा' ठराव

अध्यक्ष महोदय,

नोटीस बोर्डावर लावलेला ठराव मी दोनदा वाचला. मागचे गेट कायमचे बंद, गच्चीला कुलूप, कामाला येणाऱ्या बायकांच्या पिशव्यांची रोज झडती, गेटवर चेहरा ओळखणारे यंत्र आणि भाडेकरू ठेवण्याआधी कमिटीची 'खात्री'. कारण दिले आहे, 'दहशतवादी हल्ल्याचा धोका शून्यावर आणण्यासाठी'. त्यातल्या 'शून्यावर' या एका शब्दासाठी हे पत्र लिहिते आहे.

हल्ल्याची बातमी आली त्या रात्री माझीही झोप उडाली होती. मुलगा प्रवासात होता. त्याचा फोन लागेपर्यंत मी नुसती येरझारा घालत होते. त्यामुळे घाबरलेल्यांना मी नावे ठेवत नाही. पण त्या चार दिवसांच्या धास्तीत ठरवलेल्या गोष्टी पुढे वर्षानुवर्षे आपल्यालाच निस्तराव्या लागणार आहेत, म्हणून सभेच्या आधी बोलून मोकळी होते.

गच्चीला कुलूप तर ठराव होण्याआधीच लागले. त्यानंतर पंधरा दिवसांत तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये शॉर्टसर्किट झाले. जिन्यात खालून काळा धूर येऊ लागला, म्हणून तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यावरचे आम्ही सगळे वर धावलो. गच्चीच्या दाराशी पोचलो तर समोर ते नवेकोरे कुलूप. अजून त्यावरचा किमतीचा कागदही निघालेला नव्हता. शेजारच्या आजोबांना धाप लागली होती, त्यांना पायरीवर बसवून मी ओढणीने वारा घालत होते. किल्ली खाली गेटवर, आणि वॉचमन एका डिलिव्हरीवाल्याचा नंबर वहीत उतरवून घेत होता. किल्ली वर यायला नऊ मिनिटे लागली. धूर थोडक्यात आटोपला, कोणाला काही झाले नाही. मला मात्र त्या दिवसापासून ते कुलूप डोळ्यांसमोरून हलत नाही.

न्यूयॉर्कमध्ये २५ मार्च १९११ रोजी ट्रँगल शर्टवेस्ट नावाच्या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली आणि १४६ माणसे गेली. बहुतेक तरुण मुली होत्या. नवव्या मजल्यावरचे जिन्याचे एक दार कुलूपबंद होते, कारण कामगार माल चोरून नेतील अशी मालकांना भीती. संकटात दार आतून उघडता आले पाहिजे, हा नियम अशा आगींमधून शिकलेला आहे. आपण तो एका ठरावाने पुसायला निघालो आहोत.

दाराचेच आणखी एक उदाहरण देते. ११ सप्टेंबर २००१ नंतर प्रवासी विमानांच्या कॉकपिटला बाहेरून फोडता येणार नाहीत अशी दारे बसवली गेली. अपहरणकर्ता आत घुसू नये, हा हेतू रास्तच होता. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्ज या जर्मन कंपनीच्या विमानात मुख्य वैमानिक थोडा वेळ बाहेर गेला, आणि सहवैमानिकाने आतून दार बंद करून घेऊन विमान मुद्दाम खाली न्यायला सुरुवात केली. मुख्य वैमानिक दार ठोठावत राहिला, तोडायचा प्रयत्न करत राहिला. दार हलले नाही आणि विमान आल्प्सच्या डोंगरावर आदळले. सगळेच्या सगळे, १५० जण गेले. दार चुकीचे होते असे मी म्हणत नाही. कदाचित त्याने इतरत्र कितीतरी जीव वाचवले असतील. पण धोका दाराबाहेर थांबला नाही, त्याने फक्त जागा बदलली. आपण एक वाट बुजवतो तेव्हा दुसरी कुठली उघडते, हे ठराव लिहिताना कोणी तपासले आहे का?

आता पिशव्यांची झडती. मंगळवारी सकाळी माझ्याकडे काम करणाऱ्या मावशींची पर्स गेटवर उघडायला लावली. वॉचमनने टेबलावर एकेक वस्तू मांडली : गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी, मुलीच्या फीची पावती, रुमालात बांधलेली सुटी नाणी, घराची किल्ली. मागे रांगेत सात-आठ माणसे उभी होती. मावशी वर आल्या त्या काही न बोलता भांड्यांना लागल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "ताई, अकरा वर्षं येतेय मी." मला काय उत्तर द्यावे ते सुचले नाही. त्याच वेळी माझी स्वतःची मोठी पिशवी खांद्याला लावून मी त्याच गेटमधून आत आले होते. मला कोणी अडवले नाही, आणि का अडवले नाही ते आपण सगळे जाणतो.

यंत्राचा हिशेब तर साधा आहे. आपल्या दोन्ही गेटांवरून दिवसाला सहाशे वेळा तरी ये-जा होते. यंत्र शंभरात एकदाच चुकते असे धरले, तरी रोज सहा निरपराध माणसे अडवली जातील, म्हणजे वर्षाला दोन हजारांहून जास्त. वॉचमन पहिल्या आठवड्यात प्रत्येकाची चौकशी करील. दुसऱ्या महिन्यात बटण दाबून सोडून देईल, आणि खरोखर घातपात करायला आलेला माणूसही त्याच बटणाने आत जाईल. गाडीखाली आरसा फिरवताना तो आजच कुठे बघत असतो ते एकदा खाली उभे राहून पाहावे. हा त्याचा दोष नाही. बारा तासांच्या ड्यूटीत जे कधीच दिसत नाही ते कोणाचाही डोळा शोधत राहात नाही.

भाडेकरूंबद्दल थोडक्यात लिहिते. कायद्याने जी नोंद करायची ती जरूर व्हावी. पण 'खात्री' म्हणजे आडनाव बघून नकार, हे सभेत कोणी उघड बोलणार नाही म्हणून मी लिहून देते. लंडनमध्ये ७ जुलै २००५ च्या बॉम्बस्फोटांत ५२ जण मारले गेले. दोन आठवड्यांनी पोलिसांनी २७ वर्षांच्या एका ब्राझिलियन इलेक्ट्रिशियनला संशयित समजून गोळ्या घातल्या. त्याचा गुन्हा इतकाच की एका संशयिताशी जोडलेल्या पत्त्यावरच्या इमारतीत तोही राहात होता, आणि सामाईक दारातून कामाला निघाला होता. एका सामाईक दाराआडच आपणही सगळे राहतो.

तुम्ही विचाराल, मग काहीच करायचे नाही का? करायचे आहे. अंधाऱ्या पार्किंगमध्ये दिवे लावा, बंद पडलेले कॅमेरे दुरुस्त करा, बेवारस वस्तू दिसली तर हात न लावता पोलिसांना कळवायचे हे मुलांपासून आजीपर्यंत सर्वांना शिकवा. वॉचमनची ड्यूटी आठ तासांची करा. आणि मुख्य म्हणजे आग, जखम, हृदयविकाराचा झटका अशा वेळी पहिली दहा मिनिटे काय करायचे याचा सराव घ्या. हा सराव स्फोट झाला तरी उपयोगी पडतो आणि गॅस गळला तरी. अग्निशमनाच्या नळ्यांची मुदत टळून गेली आहे, त्यासाठी निधी नाही असे मागच्या सभेत सांगितले गेले होते. यंत्रासाठी तो निघतो आहे.

एवढे करूनही धोका उरेल. तो उरणार हे मान्य करणे मला जड जाते, पण ते मान्य केल्याशिवाय शहाणा निर्णय होत नाही. २००१ च्या त्या हल्ल्यानंतर विमानाच्या भीतीने असंख्य अमेरिकन लोक लांबचा प्रवास गाडीने करू लागले. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेंझर यांच्या हिशेबानुसार त्यापायी पुढच्या बारा महिन्यांत रस्त्यांवर सुमारे १,५०० जास्तीची माणसे मेली. त्यांना कोणी अतिरेक्याने मारले नाही. एक धोका टाळण्याच्या नादात ती दुसऱ्या, मोठ्या धोक्याकडे गेली. हल्लेखोराकडे माणसे थोडी असतात आणि साधने तुटपुंजी. उरलेले काम आपली भीती करील, यावरच त्याची भिस्त असते. मागच्या गेटाने शाळेत जाणारी आपली मुले उद्यापासून हायवेच्या कडेने वळसा घालून जाणार असतील, तर ते काम आपण आपल्या हाताने करून देतो आहोत.

माझी विनंती आहे की ठराव एकगठ्ठा मताला टाकू नये. प्रत्येक कलमावर वेगळी चर्चा व्हावी, आणि दर वेळी विचारले जावे की याने नेमका कोणता धोका कमी होतो, कोणता वाढतो आणि त्याचा जाच कोणाला. मागच्या गेटाबद्दल मुलांच्या आयांना, झडतीबद्दल मावशींना सभेत बोलू द्यावे. त्या सभासद नसल्या तरी.

गच्चीच्या दाराला मात्र सभेची वाट बघू नये. आतून किल्लीशिवाय उघडणारी कडी बसवेपर्यंत निदान कुलूप तरी आज संध्याकाळी काढावे. किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये, रजिस्टरच्या वरच्या खिळ्याला आहे. हे पत्र द्यायला खाली आले तेव्हा बघून घेतली.

आपली,
चौथ्या मजल्यावरची एक सभासद