फोटो स्कॉटलंडचा, गाणं आयर्लंडचं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'मुळांकडे परतलेले बँड' हा लेख वाचला. त्यात आयर्लंडच्या 'द कॉर्स' या बँडवर आणि त्यांच्या २००५ सालच्या 'होम' या अल्बमवर दोन परिच्छेद होते आणि शेजारी भलामोठा फोटो. चौकड्यांचा घागरा नेसलेला, गाल फुगवलेला माणूस, खांद्यावर तीन नळ्या. खाली ओळ, 'सेल्टिक सुरांची जादू'. तो माणूस स्कॉटिश वेशातला आहे आणि त्याचं वाद्यही, म्हणजे पिशवीत हवा भरून वाजवायचा तो बॅगपाइप, स्कॉटलंडचं, तिथल्या डोंगराळ भागातलं. कॉर्स मंडळी म्हणजे चौघं भावंडं, डंडॉक गावची, म्हणजे आयर्लंडची. लावणीवरच्या लेखाला गरब्याचा फोटो लावावा, तसं झालं. दोन्हीकडे बाया नाचतात, एवढंच काय ते साम्य.

हे मी ऐकीव सांगत नाही. पायदळाच्या एका पलटणीत बावीस वर्षं मी बॅगपाइप वाजवला. (घागरा नव्हता, आमची पँटच असायची.) २००१ साली हवालदार म्हणून निवृत्त होऊन नागपूरला घरी आलो. आता सदुसष्ट वय आहे आणि एका शाळेच्या बँडपथकातल्या पोट्ट्यांना हेच वाद्य शिकवतो.

आयर्लंडचा पाइप वेगळा. तो बसून वाजवतात. तोंडाने हवा भरत नाहीत, कमरेला छोटा भाता बांधतात आणि कोपराने दाबतात. त्याचं नावच कोपरावरून पडलंय. आमच्या बोटांच्या नळीत जेमतेम नऊ सूर, त्याच्या नळीत दोन सप्तकं. मोठा फरक पुढेच आहे. आयरिश वादक नळीचं तोंड मांडीवर टेकवून आवाज बंद करू शकतो. आम्हाला ती सोय नाही. एकदा पिशवीत हवा भरली की सूर अखंड चालू, मध्ये विसावा नाही आणि लहान-मोठा आवाजही नाही.

हे इतकं सांगायचं कारण, लेखकाचा खरा घोटाळा फोटोत नाही. फोटो तुमच्या कार्यालयातल्या कोणीतरी लावला असेल. लेखात वाक्य आहे की व्हायोलिन, टिनची शिट्टी (म्हणजे छोटी बासरीच) आणि बोरान नावाची डफली परत आणून हा बँड 'घरी परतला'. अहो, ही वाद्यं गेली कुठे होती? १९९५ च्या पहिल्या अल्बमपासून शॅरन व्हायोलिन वाजवते, आंद्रेआ गाते आणि शिट्टी वाजवते, कॅरोलाइन ड्रम आणि बोरान सांभाळते आणि भाऊ जिम गिटार आणि कीबोर्डवर. माणसं तीच, वाद्यं तीच. मग परत आलं ते काय?

माझी मुलगी तेव्हा कॉलेजात होती. २००० साली त्यांचा 'इन ब्लू' आला, त्याची कॅसेट तिने सीताबर्डीवरून आणली. मी सुट्टीवर आलो होतो. दिवसभर घरात तेच चालू. मी तिला म्हणालो, "ही व्हायोलिनवाली पोरगी चांगली तयार आहे, पण तिला वाजवू देत नाहीत." मुलगी चिडली. "बाबा, तुम्हाला यातलं काय कळतं?" त्या अल्बममध्ये निव्वळ वाद्यांचा एक तुकडा होता, तो मी मान्य केला. बाकी ठिकाणी गिटार आणि यंत्राचा ठेका पुढे, आणि व्हायोलिन भाजीवर कोथिंबीर भुरभुरावी तसं. त्या अल्बमने त्यांना जगभर नाव दिलं, त्याबद्दल तक्रार नाही.

पाच वर्षांनी 'होम' आला. तिने सीडी लावली आणि मी पेपर बाजूला ठेवला. पहिली गोष्ट कानात गेली ती बोटांची. आमच्या पाइपवर एकच सूर लागोपाठ दोनदा वाजवायचा तर मध्ये थांबता येत नाही. म्हणून दोन सुरांच्या मध्ये दुसऱ्या सुराचा एक बारीक टिचका मारावा लागतो, डोळ्याची पापणी लवावी एवढा. इंग्रजीत त्याला ग्रेसनोट म्हणतात. आमचे उस्ताद म्हणायचे, "सूर कोणीही काढेल, टिचका दाखव." पहिले सहा महिने त्यांनी पिशवीला हात लावू दिला नाही, नुसत्या सरावाच्या नळीवर टिचके. तेच आयर्लंडमध्ये व्हायोलिन आणि शिट्टीवर करतात. व्हायोलिनचा गज थांबू शकतो, शिट्टीतली फुंकर थांबू शकते, त्यांना असा काही नाइलाज नाही. तरीही बोटं पाइपवाल्यांसारखी चालतात. 'होम'मध्ये शॅरनचे टिचके मला मोजता येत होते. मी टेबलावर बोटं आपटत बसलो होतो. मुलगी बघत होती आणि हसत होती. मी म्हणालो, "आता दिलं बघ वाजवू."

मग मला राहवेना. ट्रंकेतून, जुन्या खाकी मोज्यात गुंडाळलेली सरावाची नळी काढली आणि सीडीबरोबर वाजवायला गेलो. फजिती झाली. आमच्या पाइपचा सा पेटीच्या काळी पाचपेक्षाही थोडा वर असतो आणि सरावाची नळीही त्याच्याच आसपास लावलेली. ही मंडळी वाजवतात गिटारच्या पट्टीत. रीड जरा बाहेर ओढली, दोरा गुंडाळला, तरी सूर जमेना. शेवटी नळी ठेवून दिली आणि नुसता गुणगुणलो. पाइपवर आपला खमाज थाट बसतो, निषाद कोमल, आणि खाली षड्जाची नळी सतत धरलेली, तंबोऱ्यासारखी. त्यामुळे गुणगुणायला मला अडचण कधीच येत नाही.

त्यात दोन गाणी आयरिश भाषेत आहेत. आम्हाला दोघांनाही एक शब्द कळला नाही. संथ होती. स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींनी विचारलं, "काऊन हो, कोणी गेलं का?"

गेलंच होतं. या भावंडांची आई, जीन, १९९९ साली वारली. आईवडील दोघंही गावातल्या बँडमध्ये गायचे. आईची गाण्यांची वही होती, त्यातून या अल्बमची गाणी घेतली. लेखकाने ही गोष्ट एका ओळीत उरकली आणि पुढे 'सगळी पारंपरिक लोकगीतं' असं ठोकून दिलं. सगळी नाहीत. एक गाणं डब्लिनच्या रॉक गायकाचं आहे, फिल लायनटचं, आणि एक इंग्लंडच्या रिचर्ड थॉम्पसनचं. आईच्या वहीत जे सापडतं ते सगळं काही जात्यावरचं नसतं. माझ्या आईच्या वहीत भुलाबाईच्या गाण्यांच्या मध्येच रेडिओवरची दोन सिनेमाची गाणी आहेत, आणि ती तिने तितक्याच प्रेमाने, शाईच्या पेनाने उतरवून घेतली होती.

आणखी एक सांगतो. त्या अल्बममध्ये नाचाची एक जुनी चाल आहे, नावाचा अर्थ 'लग्नाची घाई'. सहा मात्रांची, तीन-तीन. पलटणीच्या बँडमध्ये आम्हीही वाजवायचो. दहा-बारा वर्षांपूर्वी सक्करदऱ्यात पुतण्याच्या वरातीत मी शाळेतले चार पोट्टे घेऊन तीच वाजवली. म्हटलं, नाव तरी प्रसंगाला साजेसं आहे. पुढे संदलवाले (ढोलांचं पथक) होते. आम्ही सुरू केलं तसे ते थांबले, एकमेकांकडे बघू लागले. त्यांच्यातला एक म्हातारा ढोलवाला जवळ आला, माझ्या पायाच्या ठेक्याकडे बघत दोन आवर्तनं उभा राहिला आणि तिसऱ्याला त्याने थाप टाकली. दादऱ्याच्या अंगाने टाकली, आयर्लंडमध्ये तशी टाकत नाहीत, पण पाय बरोबर पडत होता. सगळी वरात अर्धा मिनिट गोंधळली आणि मग नाचू लागली. तेवढ्यात मुलाच्या मामांनी ओरडून सिनेमाच्या गाण्याची फर्माईश केली आणि आमचं लग्न तिथेच आटोपलं. पुढच्या वर्षीपासून आमच्या नातेवाइकांत सरळ डीजे.

त्या म्हाताऱ्याचा हात मी अजून विसरलो नाही. बोरानही असंच ऐकून वाजवायचं वाद्य आहे. बकरीच्या कातड्याचं, एका बाजूने उघडं. एका हातात आखूड लाकडी टिपरी आणि दुसरा हात आतून कातड्याला लावलेला. तो हात दाबला की सूर चढतो, सैल सोडला की उतरतो. 'डफली' लिहून लेखकाने तो आतला हात पुसूनच टाकला. 'होम'च्या नाचाच्या चालींत कान देऊन ऐकलं तर त्या हाताचं काम कळतं. ड्रमसेटवर तो बाज येत नाही.

तेव्हा दोन विनंत्या. एक, पुढच्या रविवारी चुकीची दुरुस्ती छापावी: फोटो स्कॉटिश पाइपचा होता, कॉर्स आयर्लंडचे आहेत आणि 'होम'मधली सगळी गाणी पारंपरिक नाहीत. दुसरी, स्कॉटिश पाइपचाच फोटो हवा असेल तर परदेशातला कशाला? २६ जानेवारीला कस्तुरचंद पार्कवर आमचे पोट्टे असतातच. नाहीतर तुमच्या छायाचित्रकाराला माझ्याकडे झिंगाबाई टाकळीला पाठवा. फक्त सकाळी आठच्या आत यायला सांगा. ऊन चढलं की पाइपची पट्टीही चढते, मग ती उतरवता उतरवता माझा निम्मा दिवस जातो आणि शेजारी खिडक्या लावून घेतात.

आपला,
एक निवृत्त हवालदार (पाइपर)
झिंगाबाई टाकळी, नागपूर