चौथ्या दिवसापुढचे रकाने

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही पाठवलेला स्वित्झर्लंडचा तक्ता पाहिला. ११ दिवस, १९ गाड्या आणि प्रत्येकीपुढे मिनिटासकट वेळ. ल्युसर्नला उतरल्यावर चहाला २५ मिनिटं. आई, तू हा तक्ता वाचला आहेस का? मला नाही वाटत, कारण त्यात तुला टेकायला कुठे जागाच ठेवलेली नाही.

स्वस्तातली तिकिटं हुडकून काढलीत, त्याचं कौतुक आहे. पण ती ‘सुपरसेव्हर’ तिकिटं त्या एकाच गाडीला बांधलेली असतात. आठची म्हणजे आठचीच. आईचा गुडघा त्या दिवशी काय म्हणतो, हे त्यांना कोण सांगणार? आणि ढगांना? मी गेले होते तेव्हा हाच शहाणपणा केला होता. युंगफ्राउयोखचा, म्हणजे डोंगरावरच्या त्या बर्फाळ खिंडीतल्या रेल्वे स्टेशनाचा, दिवस महिनाभर आधी नक्की करून टाकला. ३,४५४ मीटरवर पोचले तर खिडकीबाहेर नुसतं पांढरंफेक, चादर वाळत घातल्यासारखं. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं, तेव्हा मी झुरिकच्या गाडीत बसले होते. हळहळ अजून जात नाही.

म्हणून माझं ऐका. स्विस ट्रॅव्हल पास (गाड्या, बस, बोटी सगळ्यांना चालणारं एकच तिकीट) घेऊ, आणि तोही फ्लेक्स. साधा पास ३, ४, ६, ८ किंवा १५ सलग दिवसांचा असतो. फ्लेक्समध्ये दिवस तेवढेच, पण ते महिनाभरात आपल्याला हवे तेव्हा वापरायचे. थोडा महाग पडतो, पडू दे. ६ दिवसांचा तुम्हाला पुरे. ज्या दिवशी फिरायचं, तो दिवस मोबाईलवर चालू करायचा, की त्या दिवसाचं क्यूआर कोडवालं तिकीट येतं. हे गाडीत चढायच्या आधी करायचं, तपासनीस समोर उभा राहिल्यावर नाही. पासपोर्ट जवळ हवाच. आणि बाबा, तुम्ही विचारायच्या आधीच सांगते: ज्येष्ठांना सवलत नाही. मीही शोधली.

ज्या दिवशी कुठे जायचं नाही, तो दिवस चालू करायचा नाही. तलावाकाठी बसा. ल्युसर्नच्या हॉटेलात पाहुण्यांना जे कार्ड देतात, त्यावर शहरातल्या बसही फुकट आहेत.

राहायला मुख्य ठिकाणं दोनच ठेवू, ल्युसर्न आणि लाउटरब्रुनेन. रोज बॅगा भरायच्या नाहीत. रिगीचा डोंगर पूर्ण पासात येतो: ल्युसर्नहून बोटीने विट्झनाउ, तिथून दातेरी रुळांवरची गाडी थेट वर. १८७१ साली सुरू झालेली ही युरोपातली पहिली दातेरी डोंगरी रेल्वे. पण तारीख ठरवू नका. सकाळी उठून शिखरावरचा वेबकॅम बघायचा. ऊन दिसलं तर तो दिवस रिगीचा, नाहीतर पासावरच एखादं संग्रहालय. युंगफ्राउयोखला मात्र पासावर वरच्या टप्प्यात फक्त २५ टक्के सवलत मिळते, त्यामुळे तिथे जायचं की नाही हेही आकाश बघूनच.

ल्युसर्नहून इंटरलाकेनला जाताना उजव्या हाताची खिडकी पकडा. ब्र्युनिगच्या घाटाआधी उजवीकडे लुंगर्नचा तलाव दिसतो. पुढे मायरिंगेनला गाडी थांबते आणि उलट्या दिशेने निघते. परत चाललो की काय, म्हणून घाबरून उतरू नका (एक जोडपं माझ्यासमोर बॅगा काढायला लागलं होतं). तीच गाडी आता पाठमोरी इंटरलाकेनला जाते, आणि तुम्ही जागेवरून हललाही नाहीत तरी ब्रीएन्झचा तलाव तुमच्याच खिडकीत येतो. हवा चांगली असेल तर ब्रीएन्झला उतरून पुढचा प्रवास बोटीने करा. पास तिथेही चालतो.

एक माझी फजिती. इंटरलाकेन ओस्टहून सुटणारी गाडी त्स्वायल्युचिनेनला दुभंगते, अर्धे डबे लाउटरब्रुनेनला आणि अर्धे ग्रिंडेलवाल्डला. डब्यावर आणि फलाटाच्या फलकावर स्पष्ट लिहिलेलं असतं. मी वाचलं नाही. खिडकीतून दरी बघत बसले आणि ग्रिंडेलवाल्डला उतरले, खोली लाउटरब्रुनेनला! पण पास होता, त्यामुळे एक फ्रँकही जास्त गेला नाही. फलाटाशेजारच्या बाकावर बसून आयगर शिखराची भिंत पाहिली आणि पुढच्या गाडीने परत आले. तुम्ही डब्यावरची पाटी वाचा.

आई, गाडी बदलायची म्हणून धावायचं नाही. तिथे १९८२ पासून ठरावीक अंतराने गाड्या सोडायची पद्धत आहे. बहुतेक मार्गांवर दर तासाला, मोठ्या मार्गांवर अर्ध्या तासाला. चार मिनिटांत दुसऱ्या फलाटावर जायचं असेल तर ती गाडी खुशाल सोडून दे. साध्या गाड्यांना आरक्षण लागत नाही, त्यामुळे बुडण्यासारखं काही नसतंच. त्या वेळात बाबांना फलाटावरचं घड्याळ दाखव. लाल सेकंदकाटा साधारण साडेअठ्ठावन्न सेकंदांत फेरी संपवून बारावर क्षणभर थबकतो, मग मिनिटकाटा टप्पकन पुढे सरकतो आणि तोही निघतो.

राहिली तुमची लाल गाडी. बर्निना एक्सप्रेसला पास असूनही आरक्षण काढावं लागतं, त्याचे पैसे वेगळे. पण त्याच रुळांवरून, त्याच २,२५३ मीटरच्या खिंडीतून साध्या गाड्याही इटलीतल्या तिरानोपर्यंत जातात. त्यांना आरक्षण नको, मध्ये कुठेही उतरता येतं. माझं मत विचाराल तर साधी गाडीच. लांबचा पल्ला आहे, तेव्हा चूरला एक रात्र राहू. नाही जमलं तर नाही.

बाबा, तक्ता मी पुसलेला नाही. पहिले तीन दिवस तुमचेच ठेवलेत, चौथ्यापासून पुढचे वेळेचे रकाने तेवढे मोकळे केलेत. त्यात परत भरायला बसू नका. आईचं नाव पासपोर्टात नेमकं कसं आहे, ते स्पेलिंगसकट रविवारपर्यंत कळवा. पासावर तसंच घालावं लागतं.

तुमची,
लेक